दर्शनी किंमत नसलेली चांदी : चीनमधले सात दिवस

पहिला दिवस, मंगळवार, १६ ऑक्टोबर २०१८ : शांघाय

मुंबईहून निघून दिल्लीमार्गे शांघायला पोचेपर्यंत दुपार झाली होती. विमानतळावर भाचा घ्यायला आला होता. तो गेली काही वर्षे नोकरीनिमित्त इथेच राहतो आणि चिनी भाषा चांगली बोलतो. तो बरोबर असल्याशिवाय हा प्रवास मी आखलाच नसता, कारण चांदीच्या स्मारक पदकांच्या व्यवहारात वस्तू पाहण्याइतकेच महत्त्व ती विकणाऱ्याशी बोलण्याला असते.

या प्रवासाचे मूळ सहा वर्षांपूर्वीच्या एका फसगतीत आहे. एका प्रदर्शनात मी एका विक्रेत्याकडून १९२३ सालचे, चीनचे तत्कालीन अध्यक्ष त्साओ कुन यांचा चेहरा असलेले चांदीचे पदक घेतले. वजन बरोबर होते, व्यास बरोबर होता आणि झळाळीही जुन्या चांदीसारखी मंद होती. पुण्यात परतल्यावर सोन्या मारुती चौकातल्या माझ्या एका सराफ स्नेह्यांनी ते दोऱ्याला बांधून पाण्यात सोडले आणि पुन्हा तोलले. हवेत २६.७ ग्रॅम भरलेले ते पदक पाण्यात ३ ग्रॅमने हलके झाले. अस्सल पदकाच्या कसाची चांदी असती, तर घट २.६ ग्रॅमच्या आसपास यायला हवी होती. म्हणजे ते तांबे आणि निकेल यांच्या मिश्रणाचे होते, वर फक्त चांदीचा मुलामा होता. पैसे गेल्याचे दुःख झालेच. पण ज्या पदकाविषयी मी इतके वाचले होते, ते मला हातात घेऊनही ओळखता आले नाही, ही गोष्ट अधिक लागली. ती पदके जिथे पाडली गेली, ज्या माणसांसाठी पाडली गेली आणि आज जिथे ती हातोहात फिरतात, ती ठिकाणे एकदा डोळ्यांनी पाहायची, असे तेव्हाच ठरवले होते.

भाच्याचे घर सुझोऊ खाडीपासून फार लांब नाही. सामान टाकून, चहा घेऊन आम्ही संध्याकाळी पायीच निघालो आणि जियांगनिंग रस्त्याच्या पुलावर येऊन उभे राहिलो. या पुलाला जुने शांघायकर ‘टांकसाळीचा पूल’ म्हणतात. खाडीच्या काठाला लागून शांघाय टांकसाळीची भव्य खांबांची इमारत उभी आहे. टांकसाळीची स्थापना १९२० सालची, पण यंत्रे, कर्ज आणि राजकारण यांच्या अडथळ्यांतून प्रत्यक्ष नाणी पडायला १९३३ साल उजाडले.

इथल्या पहिल्या रौप्य डॉलरची कथा नाणेसंग्राहकांत प्रसिद्ध आहे. त्याच्या एका बाजूला चिनी प्रजासत्ताकाचे संस्थापक सन यत्-सेन आणि दुसऱ्या बाजूला शिडाचे गलबत होते. १९३२ सालाच्या ठशात गलबतावर उडणारे तीन पक्षी आणि पाण्यावर उगवता सूर्य होता. त्याच वर्षाच्या सुरुवातीला जपानने शांघायवर बॉम्ब टाकले होते. त्यामुळे लोकांना ते पक्षी जपानी विमानांसारखे आणि तो सूर्य जपानचा वाटू लागला. नाणे मागे घ्यावे लागले आणि १९३३ पासूनच्या ठशात पक्षी व सूर्य दोन्ही गाळले गेले. आज ‘तीन पक्ष्यांचा’ डॉलर दुर्मीळ आहे. चांदीवर कोरलेली प्रत्येक रेघ लोक वाचतात, आणि ती कोरणाऱ्याच्या मनात होती तशीच वाचतात असे नाही, हे त्या पुलावर उभे असताना फार स्पष्टपणे जाणवले.

दुसरा दिवस, बुधवार, १७ ऑक्टोबर : शांघाय

सकाळी पीपल्स स्क्वेअरवरच्या शांघाय संग्रहालयात गेलो. १९९६ साली उघडलेली ही इमारत प्राचीन चिनी कांस्यपात्राच्या आकाराची आहे. चौथ्या मजल्यावरचे नाण्यांचे दालन सावकाश पाहायला आम्हाला तीन तास लागले. कुदळीच्या आणि सुरीच्या आकाराच्या कांस्य नाण्यांपासून सुरुवात होते. मग चौकोनी भोकाची ओतीव नाणी शतकानुशतके जवळपास एकाच रूपात पुढे येत राहतात, आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी यंत्रावर पाडलेली चांदीची नाणी एकदम समोर येतात. थोडे अपवाद सोडले, तर दोन हजारांहून अधिक वर्षे या देशाने नाण्यावर कुणाचा चेहरा येऊ दिला नव्हता, तिथे बहुधा फक्त अक्षरे असत. त्यामुळे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सन यत्-सेन आणि त्यांच्यानंतरचे अध्यक्ष युआन शिकाय यांचे चेहरे चांदीवर आले, ही घटना आपल्याला वाटते त्यापेक्षा कितीतरी मोठी होती. नाण्यावर राजाचा चेहरा पाहायची सवय आपल्याकडे क्षत्रपांच्या काळापासून आहे.

याच मजल्यावर रेशीममार्गावरच्या प्राचीन नाण्यांचा संग्रह होता. संग्राहक दू वेइशान आणि त्यांच्या पत्नी यांनी तो संग्रहालयाला दान केला. त्यातली कुषाण नाणी पाहताना मी बराच वेळ थांबलो. माझ्यासारख्या मराठी संग्राहकाला अशा ठिकाणी नाशिकजवळच्या जोगळटेंभीचा निधी आठवल्याशिवाय राहत नाही. क्षत्रप राजा नहपानाच्या हजारो चांदीच्या नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला आणि विजय साजरा केला. एखादी घटना लोकांच्या लक्षात राहावी म्हणून चांदीवर ठसा मारण्याची ती आपल्या मातीतली रीत आहे. मात्र सातकर्णीचे नाणे बाजारात चालत होते. मी ज्यांच्या मागे आहे ती पदके बाजारात चालण्यासाठी पाडलेलीच नव्हती.

हा फरक इथेच सांगून ठेवतो, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. नाण्यावर दर्शनी किंमत, म्हणजे त्याच्या मूल्याचा आकडा, असते आणि तिच्यामागे सरकार उभे असते. पदकावर ती नसते. १९७९ पासून चीनच्या मध्यवर्ती बँकेने, म्हणजे पीपल्स बँक ऑफ चायनाने, सोन्याचांदीची स्मारक नाणी काढली आणि त्यांच्यावर युआनमध्ये किंमत घातली. १९८३ च्या पहिल्या रौप्य पांडावर, म्हणजे पांडाचे चित्र असलेल्या चांदीच्या नाण्यावर, १० युआन लिहिलेले आहे, त्याचे वजन २७ ग्रॅम, कस ९०० (हजारात ९०० भाग चांदी) आणि संख्या १०,०००. त्याच टांकसाळींनी, बहुधा त्याच कारागिरांनी, पदकेही पाडली, पण त्यांच्यावर आकडा नाही. आकडा नसल्यामुळे बँकेच्या यादीत त्यांना जागा मिळत नाही. किती पाडली याची नोंद प्रमाणपत्रावर एक, टांकसाळीच्या वहीत दुसरी, आणि पुढे वितळवल्यामुळे उरलेली संख्या तिसरीच, असे घडू शकते. अशा पदकाची किंमत घटना, कारागिरी आणि उरलेली संख्या या तीनच गोष्टींवर ठरते. मला पदकेच का आवडतात, असे लोक विचारतात. त्याचे उत्तर हेच आहे, की पदक आपल्याला अभ्यास करायला लावते.

तिसरा दिवस, गुरुवार, १८ ऑक्टोबर : शांघाय

आज दसरा. आपट्याची पाने इथे कुठून मिळणार? भाचेसुनेने देवापुढे माझ्या पिशवीतला वजनकाटा आणि भिंग ठेवून त्यांची पूजा केली. मला ते फार आवडले. ती साधनेच आज आमची शस्त्रे होती.

मेट्रोने दामुच्याओ रस्त्याच्या स्थानकावर उतरून आम्ही युनचौ या नाणी, तिकिटे आणि जुन्या वस्तूंच्या बाजारात गेलो. मजल्यामागून मजले लहान लहान गाळ्यांचे आहेत. काचेच्या पेट्यांत पांडांच्या रांगा, लाल मखमलीच्या डब्यांत टांकसाळीची मोठी पितळी पदके, आणि कोपऱ्यात कुठेतरी चांदीची पदके. बहुतेक गाळेवाले एकमेकांशीच व्यवहार करण्यात गुंतलेले होते. गिऱ्हाईक काय शोधते आहे हे कळेपर्यंत ते मान वर करत नाहीत. आम्ही तासभर नुसते फिरलो.

शेवटी एका गाळ्यात साठीच्या घरातल्या एक बाई भेटल्या. भाच्याने त्यांना ‘आयी’ म्हणून हाक मारली. चिनीत त्याचा अर्थ मावशी, पण माझ्या कानाला ते आपल्या ‘आई’सारखे ऐकू आले आणि त्या गाळ्यात मला लगेच मोकळे वाटले. त्यांच्या पेटीत खालच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या गोल डबीत एक औंसाचे चांदीचे पदक होते. त्यावर बांबू खाणारा पांडा होता आणि कडेने म्युनिकच्या नाणे-प्रदर्शनाचे नाव होते. १९८० च्या दशकात आणि नव्वदीच्या सुरुवातीला चीनने परदेशांतल्या नाणे-प्रदर्शनांसाठी, म्हणजे हाँगकाँग, सॅन फ्रान्सिस्को, बाझेल, म्युनिक अशा ठिकाणांसाठी, दर्शनी किंमत नसलेले पांडा पाडले. परदेशी संग्राहकाला चिनी टांकसाळीचे काम दाखवणे हा त्यामागचा हेतू होता. त्यामुळे ती पदके मुळात देशाबाहेर विकली गेली आणि आता चिनी संग्राहकांनी ती परत विकत घेऊन मायदेशी आणली आहेत. त्या बाजारात ती मिळतात, पण सहज मिळत नाहीत.

‘मामा, त्या म्हणतात की डबी उघडून पाहा, पण बोट फक्त काठाला लावा,’ भाचा म्हणाला. मी सुती हातमोजे घातले आणि पदक काठावर धरून खिडकीशी गेलो. पार्श्वभूमी आरशासारखी होती, इतकी की माझ्या चष्म्याची चौकट तिच्यात दिसत होती. त्या आरशावर पांडाचे अंग मात्र दुधी, बारीक कणांचे होते. ही दुधी छटा रंगाची नसते. पोलादी ठशाचा तेवढाच भाग बारीक वाळूच्या फवाऱ्याने खरबरीत करतात आणि बाकीचा भाग घासून चकचकीत करतात. मग तो ठसा चांदीच्या चकतीवर एकापेक्षा अधिक वेळा दाबला, की प्रत्येक केस उठून दिसतो. त्याही आधी शिल्पकार हाताएवढ्या मोठ्या वर्तुळात मातीचे किंवा प्लास्टरचे उठावाचे शिल्प घडवतो आणि यंत्राची सुई ते शिल्प चाचपडत पोलादावर लहान करून कोरते. नकली पदक बहुतेक वेळा खऱ्या पदकावरूनच साचा घेऊन बनवलेले असते. म्हणून त्याच्या केसांच्या टोकांशी, पानाच्या शिरेशी आणि अक्षरांच्या कोपऱ्यांत भिंगाखाली एक गोलसर मऊपणा दिसतो, साबणाची वडी थोडी झिजल्यावर दिसतो तसा. या पदकावर बांबूच्या पानाची शीर टोकापर्यंत धारदार होती. काठावरचे दाते सरळ आणि एकसारखे होते, त्यांच्यावर जोड असल्याची रेघ नव्हती. वजन ३१.१ ग्रॅम, म्हणजे चांदी तोलायचा बरोबर एक औंस, भरले.

पांडाच्या कानामागे एक पांढुरका डाग होता. मी तो दाखवला. आयींनी लपवाछपवी न करता सांगितले, की शुद्ध चांदीच्या आरशी पदकांवर असे दुधी डाग येतात आणि पुसायला गेले तर आरसा जातो, म्हणून त्यांनी तो तसाच ठेवला आहे. एवढे ऐकल्यावर माझा निर्णय झाला. दोष सांगणाऱ्याकडून वस्तू घ्यावी, हे माझ्या सराफ स्नेह्यांचे म्हणणे मी आजवर मोडलेले नाही. घासाघीस झाली, पण ती दोन्ही बाजूंनी सभ्यपणे झाली. पावतीवर पदकाचे वर्णन, वजन आणि रक्कम लिहून घेतली.

निघता निघता त्यांनी मला एक वेगळीच वस्तू दाखवली. हातात त्रिशूळ घेऊन उभी असलेली ब्रिटानिया आणि मागे चिनी व मलायी लिपीत ‘एक डॉलर’. चिनी लोक याला ‘उभ्या माणसाचा डॉलर’ म्हणतात. हा ब्रिटिश व्यापारी डॉलर १८९५ ते १९३५ या काळात पूर्वेकडच्या व्यापारासाठी पाडला गेला आणि तो प्रामुख्याने मुंबईच्या व कलकत्त्याच्या टांकसाळींत पडला. मी भिंग लावले आणि त्रिशूळाच्या मधल्या टोकावर शोधू लागलो. तिथे, खसखशीच्या दाण्याएवढे, इंग्रजी ‘बी’ अक्षर होते. बी म्हणजे बॉम्बे. आपल्या फोर्ट भागातल्या टाऊन हॉलशेजारच्या टांकसाळीत कधीतरी पडलेले ते नाणे शांघायच्या गाळ्यात माझ्या तळहातावर होते. मी आयींना ते अक्षर दाखवले आणि मी त्याच शहराच्या बाजूने आलो आहे असे भाच्याकरवी सांगितले. त्यांनी ते नाणे माझ्याकडून घेऊन दोन नखांत मधोमध धरले, काठावर जोराने फुंकर मारली आणि झटकन माझ्या कानाशी आणले. एक अतिशय बारीक, लांबत जाणारा नाद आला. तो विरेपर्यंत आम्ही तिघेही गप्प होतो. आपण ‘नाणे वाजवून घ्यावे’ म्हणतो, इथे ते फुंकून घेतात.

ते नाणे मी विकत घेतले नाही. चीनमध्ये १९४९ पूर्वीच्या वस्तू पुरातत्त्व खात्याच्या तपासणीशिवाय आणि परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत, आणि १९११ पूर्वीच्या वस्तूंना तर बंदीच आहे. ते नाणे १९०२ सालचे होते. नियम योग्यच आहे, आणि तो आपल्याकडेही याच तत्त्वावर आहे. तरीही गाळ्यातून निघताना मी दोनदा मागे वळून पाहिले.

चौथा दिवस, शुक्रवार, १९ ऑक्टोबर : तिआनजिन

सकाळच्या वेगवान गाडीने शांघाय सोडले आणि पाच तासांत तिआनजिन गाठले. खिडकीबाहेर सगळा मैदानी मुलूख आणि कापणी झालेली शेते. मी वही उघडून टिपणांची उजळणी केली.

तिआनजिनला येण्याचे कारण एकच. प्रजासत्ताकाच्या पहिल्या काळातली जी रौप्य स्मारके संग्राहक सर्वाधिक शोधतात, ती या शहराच्या टांकसाळीत पडली. चीनच्या शेवटच्या, चिंग राजवटीने १९०५ साली इथे आपली मुख्य टांकसाळ सुरू केली. १९१० च्या सुमारास लुइजी जॉर्जी नावाचा इटालियन ठसेकार इथे कामाला आला. १९११ चा ड्रॅगनचा डॉलर आणि युआन शिकाय यांचे नाण्यांवरचे चेहरे हे त्याचे काम आहे, आणि काही नमुना-नाण्यांवर चेहऱ्याशेजारी त्याची इटालियन सही आहे. चिनी कारागीर त्याच्या हाताखाली पाश्चात्त्य पद्धतीने चेहरा कोरायला शिकले. बाजूने न दाखवता समोरून, किंचित वळलेला चेहरा कोरणे फार अवघड असते, कारण उठाव केसाच्या जाडीइतका आणि त्यातच नाक पुढे आणायचे असते. तिआनजिनच्या पदकांवर असे चेहरे मोठ्या कौशल्याने आले आहेत.

दुपारी चोंगशान रस्त्यावरच्या जुन्या टांकसाळीच्या आवारापाशी गेलो. विटांचे प्रवेशद्वार, जुनी कौले आणि मागे उंच इमारती. इथे यंत्रे नाहीत, आवाज नाही. पण मी माझ्या टिपणातली तीन पदके एकामागून एक मनात आणली आणि ती जागा माझ्यासाठी भरून गेली.

पहिले १९२१ चे, अध्यक्ष शू शिचांग यांचे. हे गृहस्थ जुन्या परीक्षापद्धतीतले विद्वान, चित्रकार आणि कवी होते. पदकाच्या मागे बागेतला मंडप आहे आणि चार अक्षरे आहेत. सद्गुण आणि दीर्घायुष्य यांच्याकडे सर्वांनी मिळून चढून जावे, असा त्यांचा आशय आहे. देशात सरदारांच्या लढाया चालू असताना चांदीवर ही शुभेच्छा कोरली गेली.

दुसरे त्साओ कुन यांचे, ज्याच्या नकलेने मला फसवले ते. ५ ऑक्टोबर १९२३ रोजी ते अध्यक्षपदी निवडून आले. ५९० पैकी ४८० मते त्यांना पडली आणि मतामागे साधारण ५,००० रौप्य डॉलर वाटले गेले, हे त्या काळीच सर्वांना ठाऊक झाले. पाच दिवसांनी, १० ऑक्टोबरला, त्यांनी शपथ घेतली आणि नवी राज्यघटना जाहीर केली. त्या घटनेच्या स्थापनेचे स्मारक म्हणून हे पदक पडले. पुढे मिशाळ चेहरा, त्याभोवती एकही अक्षर नाही, मागे तिरके ठेवलेले दोन ध्वज. नागरी पोशाखातले एक रूप आणि लष्करी गणवेशातले दुसरे. मत विकत घेण्यासाठी जी चांदी वाहिली, तिच्याच आकाराच्या आणि जवळपास तिच्याच वजनाच्या चांदीवर त्या मतांतून आलेल्या घटनेचे स्मारक झाले, हे वाचल्यापासून हे पदक मला सर्वांत महत्त्वाचे वाटत आले आहे.

तिसरे दुआन छीरुई यांचे. १९२४ च्या ऑक्टोबरात लष्करी सरदार फेंग यूशियांग यांच्या सैन्याने बीजिंग ताब्यात घेऊन त्साओ कुन यांना पदच्युत केले. नोव्हेंबरात दुआन हंगामी प्रमुख झाले आणि त्यांनी वर्षभरापूर्वीची घटना रद्द केली. त्यांच्या पदकावर कणसांच्या माळेत दोनच अक्षरे आहेत, ‘शांतता’. तीन वर्षे, तीन चेहरे, तिन्हींचा व्यास सारखाच सुमारे ३९ मिलिमीटर, आणि तिन्हींवर दर्शनी किंमत नाही. ही तीन पदके शेजारी ठेवली, तर त्या काळाचा इतिहास वेगळा सांगावा लागत नाही.

त्साओ कुन यांचा जन्म तिआनजिनचा. त्यांनी तरुणपणी कापड विकले आणि पदच्युत झाल्यावर ते याच शहरात परतले. १९३८ साली ते इथेच वारले. शू शिचांग हेही पुढच्या वर्षी इथेच गेले. संध्याकाळी आम्ही जुन्या इटालियन वसाहतीच्या चौकातून चाललो. कमानी, सज्जे आणि दगडी खांब पाहताना वाटले, की जॉर्जीच्या डोळ्यांना सवयीची अशी एक गल्ली तरी या परक्या शहरात होती. रात्रीच्या गाडीने अर्ध्या तासात बीजिंग.

पाचवा दिवस, शनिवार, २० ऑक्टोबर : बीजिंग

पानजियायुआन बाजार शनिवारी आणि रविवारी पहाटे साडेचारला उघडतो. आम्ही पाचच्या आधी तिथे होतो. अंधारात लोक हातात विजेऱ्या घेऊन जमिनीवर मांडलेल्या वस्तूंमधून वाट काढत होते. थंडी बोचत होती आणि माणसे हळू आवाजात बोलत होती.

इथे खरे जुने रौप्य मिळेल या आशेने मी आलो नव्हतो. नकला शिकायला आलो होतो, आणि त्या दृष्टीने हा बाजार म्हणजे मोठी शाळा आहे. एका फडक्यावर त्साओ कुन यांची वीस-बावीस ‘पदके’ थाळीत पसरलेली होती. विक्रेत्याने ती आठवण-वस्तू म्हणूनच ठेवली होती आणि किमतीही तशाच होत्या, म्हणून त्याला काही बोल लावावा असे नाही. त्याच्या परवानगीने मी खाली बसलो आणि एकेक उचलून पाहू लागलो.

पहिले पंधरा-वीस मिनिटे मला सगळी सारखीच दिसली. मग हळूहळू डोळा बसला. एकावर उजव्या मिशीखाली एक बारीक खड्डा होता. तोच खड्डा, त्याच जागी, दुसऱ्यावर, तिसऱ्यावर, सातव्यावर होता. म्हणजे ज्या एका पदकावरून साचा घेतला त्याच्यावरची जखम सगळ्या पोरांना जन्मतःच आली होती. खऱ्या पदकांवरच्या जखमा वेगवेगळ्या असतात, कारण प्रत्येकाने आपापले आयुष्य काढलेले असते. मी फोनमध्ये माझ्या सहा वर्षांपूर्वीच्या पदकाचे छायाचित्र उघडून मोठे केले. उजव्या मिशीखाली तोच खड्डा होता.

मी भाच्याला दाखवले. तो म्हणाला, ‘मामा, म्हणजे तुमचे पदक यांच्याच घरातले.’ त्या पहाटे मनातली एक जुनी सल निघून गेली. फसवणूक कशी झाली ते आता मला बोट ठेवून सांगता येत होते. मी त्यातले एक विकत घेतले, त्याच दराने. पुण्यात नवीन मुले संग्रह करू लागतात तेव्हा त्यांना माझ्याकडची दोन्ही शेजारी ठेवून भिंगाखाली दाखवायची, म्हणून.

उजाडल्यावर आम्ही गरम सोयाचे दूध आणि तेलात तळलेले लांबट पिठाचे काप खाल्ले आणि झोपायला परतलो.

सहावा दिवस, रविवार, २१ ऑक्टोबर : शिजियाझुआंग

बीजिंगच्या पश्चिम स्थानकावरून वेगवान गाडीने सुमारे सव्वा तासात शिजियाझुआंगला पोचलो. या शहरात मला दोन ठिकाणी जायचे होते.

पहिले ठिकाण ‘लहान करडी इमारत’. १ डिसेंबर १९४८ रोजी पीपल्स बँक ऑफ चायनाची स्थापना या शहरात झाली, तेव्हा बँकेचे काम या साध्या इमारतीतून चालले. पहिल्या नोटांवरची बँकेच्या नावाची अक्षरे कम्युनिस्ट नेते तुंग पीवू यांच्या हातची आहेत. ज्या बँकेच्या नावाने पुढे रौप्य पांडा निघाले, तिचे मूळ घर इतके लहान असेल असे वाटले नव्हते. आत फार वेळ लागला नाही.

दुसरे ठिकाण उत्तर चीन हुतात्मा स्मशानभूमी. मी मूळचा सोलापूरचा. डॉ. द्वारकानाथ कोटणीस आमच्या गावचे, १० ऑक्टोबर १९१० रोजी जन्मलेले. १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर ते चीनला आले. पाच डॉक्टरांच्या त्या पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस परत गेले नाहीत. युद्धभूमीवरच्या रुग्णालयात काम करत असतानाच ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. इथे त्यांचा पुतळा आणि समाधी आहे. जवळच कॅनडाच्या डॉ. बेथ्यून यांचीही आहे. पुतळ्यापुढे ताजी फुले होती. कुणी ठेवली होती कोण जाणे, पण आमच्या आधी कुणीतरी येऊन गेले होते.

चीनने १९८२ साली, त्यांच्या चाळिसाव्या स्मृतिवर्षी, त्यांच्यावर दोन टपाल तिकिटे काढली. ती जोडी माझ्या वडिलांनी मला शाळेत असताना आणून दिली होती, आणि माझ्या चीनविषयक संग्रहातली ती पहिली वस्तू. चांदीच्या पदकांकडे मी फार नंतर वळलो. मी ती तिकिटे पाकिटातून काढली, थोडा वेळ पुतळ्याच्या चौथऱ्यावर ठेवली आणि परत घेतली. मग आम्ही भारतीय पद्धतीने हात जोडले. भाचा इतकी वर्षे या देशात राहतो, पण इथे तोही पहिल्यांदाच आला होता. परतीच्या गाडीत तो बराच वेळ बोलला नाही.

सातवा दिवस, सोमवार, २२ ऑक्टोबर : बीजिंग ते मुंबई

बीजिंगच्या विमानतळावर तपासणीत पदकाची डबी आणि आयींची पावती दोन्ही पुढे केली. पदक १९४९ नंतरचे असल्याने अडचण आली नाही. पहाटेच्या बाजारातली नक्कल मात्र बराच वेळ उलटसुलट पाहिली गेली. ती नवी आहे हे त्यांच्याही ध्यानात आले आणि ती परत मिळाली. भाच्याने काचेपलीकडून हात हलवला.

मुंबईत मी सीमाशुल्काच्या लाल मार्गाने गेलो आणि चांदीचे पदक जाहीर केले. कामावरच्या तरुण अधिकाऱ्याने हातमोजे मागून घेतले, ही गोष्ट मला विशेष वाटली. त्याने पदक उजेडात धरले, पांडा पाहिला, मग उलटून दुसरी बाजू पाहिली, पुन्हा पहिली पाहिली आणि विचारले, ‘काका, यावर किंमत कुठे लिहिली आहे?’

‘नसते,’ मी म्हणालो. ‘हे नाणे नाही, पदक आहे.’

त्याने पावती मागितली, वजन विचारले, आणि अर्जातल्या त्या रकान्यात आयींनी लिहिलेला आकडा उतरवून घेतला.